डाव्या डिस्कवरचा शेंदूर

बाबा,

आज रविवार आहे. वर्कशॉप बंद आहे आणि मी टोचन गाडीच्या बाजूले टूलबॉक्सवर बसून तुम्हाले लिहून राहिलो. जॉब कार्डाच्या पाठीमागं लिहितो, कारण इथं दुसरा कोरा कागद नाही. तुम्हाले जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाले एक ओळ लिहिली नाही, आठवीत शाळा सोडलेल्या माणसाले लिहायचा तसाही कंटाळाच असतो. पण गेल्या चार दिवसांत जे झालं ते या रायपुरात कोणाजवळ बोलता येत नाही. आईजवळ फोनवर बोललो तर ती रडन. आणि आज चार वाजता वर्कशॉपचा मालक, शेठ, येणार आहे. तो आल्यावर जे होणार आहे त्याचं मले भेव वाटून राहिलं. म्हणून तुम्हाले.

आधी गाडीचं सांगतो, तुम्हाले माणसांपेक्षा गाड्यांचं आधी ऐकायची सवय होती. तुमच्या वेळी बंद पडलेल्या गाडीले रॉड बांधून टोचन करायचे. ही गाडी म्हणजे छोटा ट्रक आहे, त्याच्या पाठीवर क्रेनचा हात आहे. बंद गाडीचं तोंड उचलून घेते आणि मागच्या दोन चाकांवर ओढत आणते. म्हणजे हिच्या ब्रेकवर नेहमीच दोन गाड्यांचा भार. पुढं डिस्क आहे, तुमच्या बसेससारखा ड्रम नाही. चाकाच्या आत लोखंडाची गोल थाळी फिरते, तिले दोन बाजूंनी पॅड आवळतात, की गाडी थांबते. सगळं उघडं काम आहे. ड्रमात काय चाललं ते झाकलेलं असते, डिस्कमध्ये पाहणाऱ्याले सगळं दिसते. पाहणारा पाहिजे.

बुधवारी ड्रायव्हर म्हणाला, "भैया, ब्रेक मारो तो स्टेरिंग नाचथे." हा ड्रायव्हर इथलाच, छत्तीसगढी माणूस, माझ्याहून मोठा असून मले भैया म्हणतो. अर्धं बोलणं हिंदी, अर्धं छत्तीसगढी. मी चाक काढलं. थाळीवर खाचा पडल्या होत्या, कडेले नख अडकन एवढी धार उभी राहिली होती, आणि मधामधात निळे चट्टे. एवढं तापल्यावरच लोखंड असं निळं होते. मी खिशातून जाडी मोजायचा वर्नियर काढला.

तोच वर्नियर, बाबा. आठवीत नापास होऊन घरी बसलो तेव्हा तुम्ही मारलं नाही, बोललेही नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारातून हा घेऊन आले, रुमालात गुंडाळून. आई चुलीजवळ भाकरी थापून राहिली आहे, तुम्ही डेपोचा खाकी शर्ट न काढताच पाटावर बसून आहा, आणि मले म्हणता, "मोज." काय मोजू? "दिसन ते मोज." मी ताटाची कड मोजतो, पेल्याची जाडी मोजतो, आईची बांगडी मोजतो. आई म्हणते, "आता भाकर मोजू नको, करपून राहिली." तुम्ही हसता. मग हसणं थांबवून म्हणता, "अंदाजानं ब्रेक करू नको. तुह्या अंदाजावर दुसरा माणूस बसून असते." तेव्हा मले वाटलं, बाप नोकरीचं बोलून राहिला.

तर मोजलं. थाळीच्या कडेवर कमीत कमी किती जाडी पाहिजे ते कोरून लिहिलेलं असते, ही त्याच्याही खाली गेली होती. शेठले ती लेथवर घासून चालवायची होती, म्हणाला, "खराद पे छिलवा ले ना, चिकनी हो जाएगी." मी म्हटलं, "सेठजी, एक बार छिल चुकी है. अब छिलेंगे तो पापड़ हो जाएगी." त्यानं चष्मा वर करून थाळी पाहिली, त्याले काही दिसलं नाही. म्हणाला, "तू बोलता है तो बदल दे. तेरा हाथ, तेरी ज़बान." बाबा, असा माणूस आहे तो. वाईट माणूस नाही. हे मी तुम्हाले आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाले तो वाईट वाटन.

पण त्याच्या माझ्यात एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. तुम्ही गेल्यावर मी एका जागी टिकलो नाही. नागपूर, बुटीबोरी, मग दुर्ग, मग इथं. आई म्हणते माझ्या पायात भोवरा आहे. भोवरा नाही. गॅरेजमध्ये पहिला महिना तुमचं काम पाहतात, दुसऱ्या महिन्यात पूर्ण नाव विचारतात. नाव सांगितलं की कोणी काही म्हणत नाही. फक्त चहाचा कप बदलते. मग मी निघतो. इथं आलो तेव्हा शेठ मले स्वतः बूढ़ापाऱ्यात खोली पाहायले घेऊन गेला, तळ्यामागच्या गल्लीत, त्याच्या ओळखीच्या बाईकडं. बाईनं विचारलं, "लड़का कौन है?" शेठ म्हणाला, "अपना ही है. महाराष्ट्र का मराठा है." त्यानं विचार न करताच म्हटलं. महाराष्ट्रातला म्हणजे मराठा, त्याच्या डोक्यात एवढंच. मी त्याच्या बाजूले उभा होतो. मले नाही म्हणायले एक सेकंद होता. तो गेला. दोन वर्षं झाली आता. आपण विहारात जाणारी माणसं, आपल्या घरात देवघर नाही, हे इथं कोणाले माहीत नाही. दिवाळीले शेठच्या चौबे कॉलनीतल्या घरी मी आरतीले उभा राहतो, टाळ्या वाजवतो, त्याची बायको मले आपल्या हातानं वाढते. माझा कप बदलला नाही, कारण मी बोललो नाही.

गुरुवारी नव्या डिस्क बसवल्या. तुमच्या पद्धतीनंच काम केलं. हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडला, म्हणजे थाळी सपाट बसावी, डुलू नये. नव्या थाळीले गंज लागू नये म्हणून कंपनी तेलाचा हात देते, तो पेट्रोलनं धुतला, एकदा नाही, दोनदा. कोऱ्या फडक्यानं पुसलं. मग हात लावला तो फक्त कडेले. तुम्हाले आठवते का, मी सोळाचा होतो, तुमच्यासंगं डेपोत हाताखाली होतो, आणि डब्यातली पोळी खाऊन तशाच बोटांनी ब्रेकच्या नव्या लायनरले हात लावला? तुम्ही माझ्या हातावर पान्यानं मारलं. बोट सुजलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "तेल लागलं की लायनर मेलं. मेलेल्या लायनरवर माणसं बसवतो का रे पोट्ट्या?" मले तेव्हा तुमचा राग आला होता. दोन दिवस बोललो नाही. आता जेवून आलो की तीनदा हात धुतो. सवय म्हणा.

उजवं चाक पूर्ण झालं, कसून टाकलं. डावी डिस्क बसली, नवे पॅड बसले, चाक चढवायचं बाकी होतं. ड्रायव्हर नाक्यावर चहा प्यायले गेला होता. तेवढ्यात शेठ आला. हातात गोल बाज़ारातून आणलेली पिशवी. नारळ, उदबत्ती, फुलं, पुडीत शेंदूर, आणि तेलाची छोटी शिशी. गुडघे दुखतात त्याचे, तरी खाली बसला. "रुक रुक, चाक मत चढ़ा. नई चीज़ लगी है, ऐसे ही थोड़ी चलाते हैं." ताटलीत शेंदूर तेलात कालवला, बोट बुडवलं, आणि डिस्कच्या तोंडावर स्वस्तिक काढलं. कडेले नाही, मधात नाही. जिथं पॅड घासते, बरोबर तिथं. वर पाच बोटं उठवली. तेल खाली ओघळून पॅडच्या फटीत गेलं. मी पाहून राहिलो होतो.

काय म्हणायचं होतं मले? एवढंच, की सेठजी, इथं तेल नको, टायरवर लावा, बोनेटवर लावा. कोणताही मिस्त्री म्हणू शकते. त्याच्याच जातीचा मिस्त्री असता तर हसत म्हणाला असता आणि शेठनं हसत मानलं असतं. पण माझ्या तोंडून पूजेले नाही निघालं तर तो मान वर करून माझ्याकडं पाहीन, आणि त्या पाहण्यात माझं आडनाव येईन, खोली येईन, दोन दिवाळ्या येतीन, असं मले वाटलं. शेठनं तेच बोट माझ्या कपाळाकडं आणलं. मी कपाळ पुढं केलं. उजव्या चाकाकडं पाहून म्हणाला, "अरे, इसको तो तूने बंद ही कर दिया." मी म्हटलं, "हो गया सेठजी." मग तिथं टायरवर टिळा लावून उठला. तो फोनवर बोलायले वळला तेव्हा मी फडकं घेऊन डावी डिस्क पुसायले लागलो. त्यानं पाहिलं. "पोंछता क्यों है?" मी म्हटलं, "ज़रा ज़्यादा हो गया." तो म्हणाला, "भगवान का ज़्यादा नहीं होता. रहने दे." मी फडकं खाली ठेवलं. कोरड्या फडक्यानं तेल जातही नाही, नुसतं पसरते. मले ते माहीत होतं.

चक्कर मारू का विचारलं. नव्या पॅडले आणि नव्या थाळीले एकमेकांवर बसू द्यावं लागते, पंचवीस-तीस वेळा हळूहळू ब्रेक मारून. शेठ म्हणाला, पूजा झाल्यावर गाडी रिकामी फिरवायची नाही, पहिली फेरी धंद्याचीच पाहिजे. मी हव म्हटलं. इथं हो ले हव म्हणतात, बाबा, आणि मी ते लय लवकर शिकलो. मनात ठरवलं, सकाळी सातले कोणी यायच्या आत येईन, चाक खोलीन, पेट्रोलनं धुईन, पॅड घासून घेईन, कोणाले कळणार नाही.

शुक्रवारी सातले आलो तर गाडी नव्हती. पहाटे फोन आला होता. केशकाल घाटाच्या वरच्या अंगाले एक भरलेली पिकअप बंद पडली होती, तिले खाली उतरवून आणायचं होतं. चौकीदार म्हणाला, "ड्राइवर पाँच बजे ही ले गया." मी तिथंच उभा राहिलो. जिथं गाडी उभी असते तिथं फरशीवर शेंदराचे चार थेंब पडलेले होते.

जाताना चढण आहे, चढणीत ब्रेक लागत नाही. येताना उतार आहे, वळणावर वळण, आणि पाठीवर भरलेली गाडी. एका चाकाची डिस्क धरणार, दुसऱ्याची घसरणार. डावी घसरली की गाडी उजवीकडं ओढते. उजवीकडं म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. हे मले एवढं साफ दिसत होतं की जसं कोणी फळ्यावर काढून दाखवावं. तरी मी फोन केला नाही. साडेसातले ड्रायव्हरचाच फोन आला, धमतरीले चहा प्यायले थांबला होता. "भैया, गाड़ी थोरकिन दाहिना खींचथे." थोडी उजवीकडं ओढून राहिली म्हणे. मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, "नया डिस्क है, बैठ जाएगा." तो म्हणाला, "हव, तुम बोले तो ठीक," आणि फोन ठेवला.

तुमच्या डेपोतला दसरा आठवला, बाबा. मी डबा घेऊन आलो होतो. पिटवर गाडी उभी, सगळ्यांनी पाने-हातोड्यांले झेंडू वाहिले आहेत, आणि तुमच्याच जोडीदारानं उघड्या ब्रेकच्या लायनरवर तेल-शेंदूर लावला आहे. तुम्ही रॉकेलचा डबा आणता. तो म्हणतो, "तुमचा विश्वास नसन तर नसो, आमचा काहून पुसता?" मोठा माणूस नव्हता तो, तुमच्यासंगं रोज जेवणारा होता. तुम्ही लायनर काढून बाजूले ठेवता आणि सगळ्यांले ऐकू जाईन असं म्हणता, "देव तुमचा असन. ब्रेक माझा आहे. सकाळी या गाडीत पन्नास माणसं बसतात, तुमच्या घरचेही बसतात." कोणी हात उचलला नाही, कोणी शिवी दिली नाही. पण त्या दिवसापासून तुम्ही एकटे जेवले. डेपोच्या भिंतीमागं, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, मांडीवर डबा घेऊन. शेवटपर्यंत. त्या दिवशी आई घरी म्हणाली होती, "काहून बोलले? गुपचूप पुसून टाकायचं होतं." तुम्ही म्हणाले, "गुपचूप पुसलं असतं तर उद्या पुन्हा लावलं असतं." मी दारात उभा राहून ऐकलं. तुमचं बोलणं मले बरोबर वाटलं, पण माझ्या मनात घर केलं ते टाकीच्या सावलीनं. मी ठरवून टाकलं होतं की मी असा जेवणार नाही.

शुक्रवारी दहा वाजता मी ड्रायव्हरले फोन लावला. कव्हरेज नाही. साडेदहा, नाही. पावणेअकरा, नाही. मी एका कारचा क्लच खोलत होतो. सव्वाअकराले मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. आत जाताना माझ्या डोक्यात खरं वाक्य तयार होतं. तोंडातून निघालं ते दुसरंच. म्हटलं, "सेठजी, गाड़ी रुकवाओ. मेरा ग्रीस वाला हाथ लग गया था बाएँ डिस्क पे. ब्रेक नहीं पकड़ेगा."

शेठ एकदम उभा राहिला. असा पांढरा पडलेला मी त्याले कधी पाहिला नाही. "कब लगा?" "कल." "कल लगा और आज बोलता है?" तो मारीन वाटलं. त्यानं मारलं नाही, फोन उचलला. घाटावरच्या एका ढाबेवाल्याची ओळख काढली, त्याले म्हणाला, "भाई, पीली टोचन गाड़ी है, सड़क पे खड़ा हो जा, हाथ दे के रोक." चाळीस मिनिटं आम्ही दोघं त्या केबिनमध्ये समोरासमोर बसलो. तो देवाचं नाव घेऊन राहिला होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहून राहिलो होतो. मले नाव घ्यायलेही कोणी नव्हतं.

मग ड्रायव्हरचाच फोन आला. ढाबेवाल्यानं त्याले अडवलं होतं, पिकअप जोडून तो निघायच्या बेतातच होता. पण त्याच्या आधी, वर चढताना एका वळणावर समोर गुरं आली म्हणून त्यानं जोरात ब्रेक मारला होता आणि गाडी सरळ उजवीकडं गेली. खाली येणाऱ्या बसचा आणि हिचा आरसा घासला. आरसा गेला, बाकी काही नाही. एक हाताचं अंतर होतं, असं तो म्हणाला. एक हात, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत. मी नंतर माझा हात पाहिला. कांकेरची दुसरी गाडी बोलावून आमच्या टोचन गाडीले टोचन करून आणलं. रस्त्यात लोक हसत होते म्हणे.

संध्याकाळी तो आला. मी गेटवरच उभा होतो. त्यानं खाली उतरून माझा उजवा हात धरला, उलटापालटा करून पाहिला आणि हसला. "ए हाथ ला धो ले करव भैया. मोर नोनी रद्दा देखत रहिस." नोनी म्हणजे पोरगी, ती घरी वाट पाहून राहिली होती. सहा वर्षांची आहे. मी म्हटलं, गलती झाली. तो म्हणाला, "होथे." बाबा, त्यानं माफ केलं, पण मी न केलेल्या गोष्टीची माफी दिली. केलेल्या गोष्टीची मी मागितलीच नाही.

शेठ दुसऱ्या दिवशी शांत झाला होता. सगळ्यांसमोर शिव्या दिल्या त्या वेगळ्या. खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "देख, इंसान से भूल होती है. पर मैं सोच रहा था, भूल हुई क्यों? तेरा हाथ तो ऐसा नहीं है." मग तो म्हणाला, "दायाँ चक्का छूट गया था ना पूजा में. अधूरी पूजा थी, इसलिए विघ्न आया." त्याचा चेहरा असा उजळला होता की जसा हिशोब जुळला. "इस बार दोनों खोल के रखना. आगे के भी, पीछे के भी. इतवार को चार बजे मैं पंडितजी को लाऊँगा. ड्राइवर को भी बुला, उसकी बच्ची को भी. सोमवार को गाड़ी फिर घाट जाएगी, वो पिकअप अभी वहीं खड़ी है." मी म्हटलं, "हव."

ग्रीस लागली असं सांगून मी त्याले वाट दाखवून दिली. खरं सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती, मग माझं जे व्हायचं ते झालं असतं. आता एका चाकाच्या जागी चार चाकं झाली. काल दिवसभर मी काम केलं. तेल पिलेले पॅड फेकले, दुसरे आणले, दोन्ही डिस्क पेट्रोलनं धुतल्या, पालथ्या करून मागूनही धुतल्या. मागचे ड्रमही उघडले, साफ केले. काल संध्याकाळी गाडी रिंगरोडवर नेऊन तीसदा ब्रेक मारला, शेठले विचारलं नाही. सरळ थांबते. हात सोडून दिले स्टेरिंगवरचे, तरी सरळ थांबते. एवढं चांगलं ब्रेकचं काम मी आजवर केलं नाही.

सकाळपासून वाक्य पाठ करून राहिलो. सेठजी, तेल मत लगाइए. सेठजी, ब्रेक में तेल नहीं चलता. पहिल्यांदा म्हणतो ते बरं वाटते. मग त्याच्यापुढचा प्रश्न ऐकू येते, "गुरुवार को क्यों नहीं बोला?" आणि त्याचं उत्तर एकच आहे. ते उत्तर दिलं की ग्रीसचं खोटं उघडं पडते, आणि त्या खोट्याच्या मागं उभी असलेली दोन वर्षं. खोलीवाली बाई. त्याच्या बायकोच्या हातचं ताट. ड्रायव्हर मले मारीन की नाही माहीत नाही, पण हात धरून हसणार नाही. तुम्ही म्हणाल, एवढंच ना? हो, एवढंच. तुमच्याजवळ आई होती, घर होतं, डेपोची पक्की नोकरी होती. माझ्याजवळ हे एवढंच आहे.

आता साडेतीन होत आले. ड्रायव्हर मघाशी येऊन गेला, पोरीले घेऊन. तिनं गुलाबी फ्रॉक घातला आहे, हातात झेंडूची माळ धरून आहे. बापाले म्हणाली, "चक्का मा मैं लगाहूँ." म्हणजे चाकाले शेंदूर मीच लावीन. तो म्हणाला, "हव, तहीं लगाबे." दोघं नाक्यावर बिस्किटं घ्यायले गेले आहेत.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कोणाले दाखवायचं नाही. चार घड्या करून टूलबॉक्सच्या खालच्या खणात टाकीन, नाहीतर फाडीन. पण बंद करायच्या आधी एक सांगतो. ड्रायव्हर आणि पोरगी गेल्यावर मी लिहिणं थांबवून उठलो होतो. शेठनं चारही चाकं उघडी ठेवायले सांगितलं होतं, मी चारही चढवून टाकली. टायम नव्हता म्हणीन, चढली आता म्हणीन, बोनेटवर लावा म्हणीन. म्हणजे खरं बोलायची गरज पडणार नाही, आणि उद्या घाटात गाडीही थांबन. पण शेठ असा ऐकणार नाही. तो म्हणीन, "तो खोल." मी हललो नाही तर स्वतः पाना उचलीन, गुडघे दुखत असले तरी.

म्हणून, बाबा, नट किती कसायचे ते मले समजते, जास्त कसले की आतला बोल्ट रस्त्यात तुटू शकते हेही तुम्हीच शिकवलं, तरी मी पान्यावर लोखंडी पाइप चढवून, त्याच्यावर पाय देऊन कसले. त्याच्या हातानं सुटू नयेत म्हणून.